वाडा पाडण्यापूर्वी...

(अमरावती येथील एका व्याख्यानमालेत वारसा वास्तूंच्या जतनाविषयी केलेल्या भाषणाचा हा संपादित मजकूर.)



‘वारसा’ हा शब्द आपल्या सभा-समारंभांतून इतका वापरला जातो की, त्याचा अर्थच झिजून गेला आहे. इतिहासाचा अभिमान बाळगणाऱ्या घरांतूनही आजोबांचा वाडा विकायला निघतो, तेव्हा चर्चा होते ती फक्त दराची. कोणत्या चौरस फुटाला काय भाव मिळेल, बिल्डर किती सदनिका देईल आणि भावाभावांत वाटणी कशी होईल, एवढेच प्रश्न विचारले जातात. तो वाडा गावाच्या इतिहासात कोठे बसतो आणि त्याबाबत कायदा काही म्हणतो का, हे विचारण्याची आपल्याला सवय नाही. आज मी भावनेपेक्षा व्यवहाराबद्दल अधिक बोलणार आहे. जुन्या वास्तूत बदल करायचा असेल तर तो कोणी तपासायचा, कोणत्या निकषांवर तपासायचा आणि त्यात मालकाला न्याय कसा मिळायचा, हा आजचा विषय आहे.

परकोटाच्या आतले गाव

अमरावतीकरांना परकोट नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, १८०७ च्या सुमारास, निजामाच्या राजवटीत त्याचे काम सुरू झाले. पेंढाऱ्यांच्या धाडींपासून येथील सावकार-व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे, हा त्यामागचा हेतू होता. वीस ते सव्वीस फूट उंचीची दगडी भिंत, सुमारे सव्वादोन मैलांचा घेर, पाच दरवाजे आणि चार खिडक्या असे तिचे वर्णन जुन्या गॅझेटियरात येते. नागपुरी, अंबा, जवाहर, महाजनपुरा आणि भुसारी ही दरवाजांची नावे आजही आपल्या तोंडी आहेत. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आपण ती घेतो. खुनारी खिडकीच्या नावामागे १८१८ साली तेथे झालेल्या रक्तपाताची आठवण आहे.

या भिंतीच्या आत कापसाच्या व्यापाराने एक संपन्न गाव उभे केले. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, रेल्वे आली आणि वऱ्हाडचा कापूस जगाच्या बाजारात पोहोचला. त्या पैशातून वाडे उभे राहिले. दिंडी दरवाजा, ओसरी, मधला चौक, सागवानी खांब आणि तुळया, कोनाडे, वर माळवद, अशी ती घरे होती. १८९७ साली राष्ट्रीय सभेचे तेरावे अधिवेशन सर शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली याच अमरावतीत भरले. दादासाहेब खापर्डे यांच्यासारख्या पुढाऱ्यांचे सार्वजनिक आयुष्य याच गावात घडले. १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना येथेच झाली. या साऱ्या घडामोडींना घरे होती, अंगणे होती, गल्ल्या होत्या. ग्रंथात नोंद राहते, पण ज्या जागी ती गोष्ट घडली ती जागा गेली की, पुढच्या पिढीला ती नोंद कोरडी वाटू लागते.

अकोल्याची स्थिती वेगळी नाही. औरंगजेबाच्या काळात असदखानाच्या अमलाखाली बांधलेला असदगड इंग्रजांच्या काळात, १८७० च्या सुमारास, बराचसा उतरवला गेला. जे बुरूज आणि वेशी उरल्या, त्यांच्या कडेने गाव वाढले. बाळापूरचा किल्ला मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर उभा आहे, तर मिर्झाराजे जयसिंगांच्या नावाने ओळखली जाणारी छत्री नदीकाठी उभी आहे. बार्शीटाकळीच्या कालंका देवी मंदिरातील शिलालेख बाराव्या शतकातला आहे. उत्तरेला सातपुड्यात नरनाळा आणि गाविलगड आहेत. गाविलगड १८०३ च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीच्या सैन्याने घेतला आणि वऱ्हाडच्या इतिहासाला वेगळे वळण लागले.

कोणी म्हणेल, यातल्या कितीतरी वास्तू परक्या सत्ताधीशांनी बांधल्या, त्यांचे आपल्याला काय? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. माझे उत्तर असे की, हुकूम ज्याचा असेल त्याचा असो, दगड या मातीतला होता, घडवणारा पाथरवट आणि रचणारा गवंडी यांचे घाम येथे सांडले आणि त्या भिंतीआड जगलेली माणसे आपलेच पूर्वज होती. पराभवाच्या खुणाही आपल्याच असतात. त्या पुसल्याने इतिहास बदलत नाही, फक्त आपण तो विसरतो.

तीन याद्या, तीन कायदे

आता कायद्याकडे वळू. सामान्य माणसाचा येथे नेहमी गोंधळ होतो, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

पहिली यादी केंद्राची. १९५८ च्या प्राचीन स्मारकांविषयीच्या कायद्याखाली राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे येतात. नरनाळा, गाविलगड, बाळापूरचा किल्ला आणि तेथील छत्री ही अशी स्मारके आहेत. २०१० साली या कायद्यात दुरुस्ती झाली. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आणि त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत परवानगीनेच, असा नियम पक्का झाला. त्यासाठी राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण स्थापन झाले. बाळापूरसारख्या गावात किल्ला वस्तीला लागून असल्यामुळे हा नियम थेट लोकांच्या घरापर्यंत येतो. शंभर मीटरच्या आतल्या माणसाला घराची दुरुस्ती करता येते, पण तीही परवानगी घेऊन.

दुसरी यादी राज्याची. महाराष्ट्राचा १९६० चा कायदा आणि राज्याचे पुरातत्त्व संचालनालय यांच्याकडे ती आहे.

तिसरी यादी आपल्याला सर्वांत जवळची आणि सर्वांत अपरिचित, ती म्हणजे नगरपालिका-महापालिकेची. जी वास्तू राष्ट्रीय स्मारक नाही, राज्य संरक्षितही नाही, पण शहराच्या दृष्टीने मोलाची आहे, तिच्यासाठी ही यादी असते. जुनी शाळा, वाचनालय, वाडा, बाजारपेठेतली दर्शनी इमारत, विहीर, घाट, एखादा जुना वृक्षसमूहसुद्धा तिच्यात येऊ शकतो. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात विकास आराखड्यातच अशा स्थळांच्या जतनाची तरतूद आहे. वारसा वास्तू आणि वारसा परिसर यांच्या व्याख्याही त्यात घातल्या आहेत. १९९५ मध्ये मुंबईसाठी वारसा विनियम लागू झाले. देशातल्या कोणत्याही शहरासाठी असे नियम होण्याचा तो आरंभ होता. पुढे नागपूरला २००३ मध्ये यादी निघाली, वारसा संवर्धन समिती आली. दीडशेहून अधिक स्थळे त्या यादीत आहेत आणि कस्तुरचंद पार्कसारखे मोकळे मैदानही त्यात आहे. डिसेंबर २०२० पासून मुंबई व काही अपवाद वगळता राज्यभर एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. वारसा जतनाचे प्रकरण तिच्यातही आहे. म्हणजे हा विषय आता केवळ मुंबई-पुण्याचा राहिलेला नाही. अमरावती आणि अकोल्याच्या दारापर्यंत तो आला आहे.

समिती काय पाहते?

‘वारसा समिती’ म्हटले की, लोकांना वाटते, हे मंडळ म्हणजे खिळाही ठोकू न देणारे. वस्तुस्थिती तशी नाही. यादीतल्या वास्तूंच्या श्रेणी असतात आणि श्रेणीप्रमाणे बंधने बदलतात.

पहिल्या श्रेणीत राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक दृष्ट्या असाधारण वास्तू येतात. त्यांच्यात आतून-बाहेरून बदल करू दिला जात नाही. वास्तू बळकट करण्यासाठी अत्यावश्यक असेल तेवढेच काम होते. दुसऱ्या श्रेणीत प्रादेशिक वा स्थानिक महत्त्वाच्या वास्तू येतात. त्यांत आतले फेरफार आणि नवा वापर यांना वाव असतो. बाहेरचे रूप मात्र छाननीशिवाय बदलता येत नाही. या श्रेणीच्या दुसऱ्या उपगटात त्याच आवारात जोडबांधकामही होऊ शकते. मात्र ते मूळ वास्तूशी, विशेषतः तिच्या उंचीशी आणि दर्शनी भागाशी, जुळणारे हवे. तिसरी श्रेणी नगररचनेच्या दृष्टीने महत्त्वाच्या, परिसराला चेहरा देणाऱ्या वास्तूंची. तेथे आत-बाहेर बदल, विस्तार, नवा वापर हे सर्व सामान्यतः करता येते. अट एवढीच की, परिसराचे रूप बिघडू नये. वाड्यांच्या गल्लीत राहणाऱ्या बहुतेक कुटुंबांचा संबंध आला तर तो या तिसऱ्या श्रेणीशीच येईल.

समितीत प्रशासनाचा अनुभव असलेला अध्यक्ष, संरचना अभियंता, जतनाचे काम जाणणारे वास्तुविशारद, पर्यावरणाचे जाणकार आणि शहराचा इतिहासकार अशी मंडळी अपेक्षित असतात. मालकाचा अर्ज नगररचना विभागाकडे येतो. मालमत्ता पत्रक, आजच्या स्थितीचे मोजमापासह नकाशे, छायाचित्रे, प्रस्तावित बदलाचे नकाशे आणि गरज असेल तर इमारतीच्या बळकटीचा अहवाल, अशी कागदपत्रे त्यासोबत लागतात. सदस्य जागा पाहतात. रस्त्यावरून वास्तू कशी दिसेल, शेजारच्या घरांच्या उंचीशी मेळ बसतो का, खिडक्यांचे प्रमाण, छपराचा उतार, दगड-लाकडाचे काम राहते का, दुकानाचा फलक दर्शनी नक्षी झाकतो का, असे प्रश्न विचारले जातात. मग समिती शिफारस करते. ती मंजुरीची, अटींसह मंजुरीची, नकाशा बदलून आणण्याची किंवा नकाराची असू शकते.

एक गोष्ट येथे नीट लक्षात घ्या. समिती शिफारस करते, अंतिम परवानगी आयुक्तांची असते. मुंबईच्या विनियमांत असे स्पष्ट आहे की, आयुक्तांना अपवाद म्हणून समितीचे मत डावलायचे असेल तर कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि हा अधिकार त्यांना खालच्या अधिकाऱ्याकडे सोपवता येत नाही. या एका वाक्यात सगळ्या व्यवस्थेचा प्राण आहे. कारण लिहावे लागले की, ते उद्या नागरिकाला वाचता येते आणि न्यायालयात तपासता येते. तोंडी ‘बघू’, ‘करून टाका’ या कारभाराला तेथे वाव राहत नाही.

मालकाची बाजू

येथपर्यंत ऐकून एखादा वाडामालक मनात म्हणत असेल, “गावाच्या अभिमानाचा खर्च मी एकट्याने का सोसायचा?” प्रश्न रास्त आहे. ज्या घराला पाच वारस आहेत, तळमजल्यावर जुन्या भाड्याचे भाडेकरू आहेत, माळवद गळते आहे आणि मुलगा पुण्यात नोकरी करतो आहे, त्या घरातल्या वृद्धाला वारशाचे प्रवचन देणे सोपे असते. त्याचे माळवद कोण शाकारणार?

मुंबईने हा प्रश्न अनुभवला आहे. २०१२ च्या जुलैमध्ये तेथे आठशेहून अधिक नव्या वास्तू व परिसरांची प्रस्तावित यादी निघाली, तेव्हा दादर-शिवाजी पार्क भागातल्या मध्यमवर्गीय रहिवाशांनी कडाडून विरोध केला. ही माणसे इतिहासद्वेष्टी नव्हती. आपल्या इमारतीचा पुनर्विकास कायमचा अडकेल, ही त्यांची भीती होती. यादी करणाऱ्यांनी आधी घराघरांत जाऊन श्रेणीचा अर्थ सांगितला पाहिजे, हा त्यातला धडा. कायद्यातही यादी अंतिम करण्यापूर्वी हरकती व सूचना मागवाव्या लागतात. ती तरतूद केवळ वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातल्या जाहिरातीपुरती उरली की, संशय वाढतो.

भरपाईचीही वाट नियमांत आहे. वारसा वास्तूच्या मालकाला बंधनामुळे जेवढे बांधता येत नाही, तेवढ्या क्षेत्राचा हस्तांतरणीय विकास हक्क त्याला मिळू शकतो. तो दुसऱ्या ठिकाणी बांधकामासाठी विकता येतो. न्यूयॉर्कमध्ये १९६३ साली पेनसिल्व्हेनिया स्थानकाची भव्य इमारत पाडायला सुरुवात झाली. त्या हळहळीतून १९६५ चा कायदा आला आणि १९७८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या खटल्यात तो उचलून धरताना याच हस्तांतरणीय हक्काचा विचार केला. परंतु मुंबईत ज्या हक्काला भाव येतो, त्याला वऱ्हाडातल्या मध्यम शहरात तेवढा ग्राहक मिळेलच असे नाही. म्हणून आपल्याकडे मालमत्ता करात सवलत, दुरुस्तीसाठी स्वतंत्र निधी, नकाशे काढून देण्यासाठी महापालिकेचा वास्तुविशारद आणि वाड्यात वाचनालय, भोजनगृह, निवासगृह चालवण्यास सुलभ परवानगी, या गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. पुण्यात विश्रामबागवाडा आणि नानावाडा यांच्या दुरुस्तीची कामे महापालिकेने हाती घेतली. सार्वजनिक वास्तूंबाबत स्थानिक संस्थेने आधी स्वतः उदाहरण घालावे, मग नागरिकांकडून अपेक्षा करावी, हाच न्याय्य क्रम आहे.

‘धोकादायक’ या शब्दाची दोन टोके

३० ऑक्टोबर २०२२ रोजी आपल्याच अमरावतीत प्रभात चौकात एक जीर्ण इमारत कोसळली आणि पाच जणांचा बळी गेला. अशा घटनेनंतर जुन्या घरांच्या जतनाविषयी बोलताना जीभ जड होते. माणसाच्या जिवापेक्षा कोणतीही नक्षी मोठी नाही, हे प्रथम स्पष्टपणे म्हटले पाहिजे. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक इमारतीला नोटीस देण्याचा अधिकार आयुक्तांना आहे आणि तो वापरला गेलाच पाहिजे.

पण याच शब्दाची दुसरी बाजूही पाहा. जुन्या घराची पन्हळ वर्षानुवर्षे साफ करायची नाही, माळवदावर पिंपळ उगवू द्यायचा, तुळईला वाळवी लागू द्यायची आणि मग भाडेकरूला घालवण्यासाठी ‘धोकादायक’ची नोटीस मिळवायची, असे प्रकार मी पत्रकारितेच्या काळात अनेक शहरांत पाहिले. इमारत कोसळण्यामागे तिचे वय क्वचितच असते. बहुधा दुर्लक्षच असते. त्यामुळे उपाय एकच. यादीतल्या प्रत्येक वास्तूची ठराविक काळाने संरचना तपासणी झाली पाहिजे आणि ‘पाडा’ या शेऱ्यापूर्वी ‘टेकू द्या, दुरुस्त करा’ हा पर्याय जतनाचे काम जाणणाऱ्या अभियंत्याने तपासला पाहिजे. सिमेंट-काँक्रीट शिकलेल्या अभियंत्याला चुना आणि सागवान यांचे आयुष्य अनेकदा माहीत नसते. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की, ओल आत कोंडते आणि भिंत आतून पोखरते. दुरुस्तीच्या नावाखाली आपण तिचे मरण जवळ आणतो.

जीर्णोद्धार की रूपांतर?

आता जरा आपल्या स्वतःच्या अंगणात डोकावू. वाड्यांचा दोष बिल्डरांवर टाकणे सोपे आहे. मंदिरांचे काय? वऱ्हाडात हेमाडपंती म्हणून ओळखली जाणारी कितीतरी देवळे आहेत. दगडावर दगड, खाचेत खाच बसवून रचलेली. त्यांच्या काळ्या पाषाणावर आपण भक्तिभावाने तैलरंग फासतो. गाभाऱ्यात चकचकीत फरशा बसवतो. सभामंडपासमोर लोखंडी कैची आणि पत्र्याचे छप्पर उभारतो. शिलालेखावरून चुना फिरवतो. देणगीदाराचे नाव मात्र संगमरवरावर ठळक कोरतो. हे कोणा आक्रमकाने केलेले नाही. हे आपण केले, तेही श्रद्धेने.

जीर्णोद्धार ही आपली जुनी परंपरा आहे. मयमतासारख्या वास्तुशास्त्राच्या ग्रंथात त्यावर स्वतंत्र अध्याय आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवींनी काशीपासून देशभर मंदिरे आणि घाट उभे केले, सावरले. त्या परंपरेत उद्धार म्हणजे जे मोडले ते योग्य त्या द्रव्याने पुन्हा उभे करणे, जे आहे ते झाकून टाकणे नव्हे. विश्वस्त मंडळ हे देवाच्या मालमत्तेचे मालक नसते, राखणदार असते. न्यासाची स्थावर मालमत्ता विकताना धर्मादाय आयुक्तांची मंजुरी आपण कायद्याने घेतो. मग शेकडो वर्षांच्या दगडाला हात लावण्यापूर्वी एखाद्या जाणकाराला विचारणे आपल्याला कमीपणाचे का वाटावे? रंग काढता येतो, पण वाळूच्या झोताने खरवडलेली मूर्तीची नाकी-डोळी परत येत नाहीत.

आपण काय करायचे?

राज्यघटनेच्या ५१ अ कलमात आपल्या वारशाचे मोल जाणून त्याचे जतन करणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे. कर्तव्याला कृतीची जोड हवी, म्हणून चार कामे सुचवतो.

पहिले, आपल्या महापालिकेकडे वा नगरपालिकेकडे लेखी विचारा : शहराची वारसा यादी आहे का, तिच्यात कोणत्या वास्तू कोणत्या श्रेणीत आहेत, समिती कोणाची आहे आणि तिच्या बैठकांची इतिवृत्ते कोठे पाहायला मिळतील? माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. समिती असेल तर तिला बळ मिळेल, नसेल तर मागणीची सुरुवात होईल.

दुसरे, यादीची वाट न पाहता आपल्या वस्तीची नोंद आपणच करा. सुटीच्या दिवशी चार तरुण आणि एक जाणता ज्येष्ठ एवढे पुरेत. वास्तूचे छायाचित्र, अंदाजे काळ, बांधणी, तिच्याशी जोडलेली माणसे व घटना आणि आजची अवस्था लिहून ठेवा. मालकाची संमती घेऊन, त्याच्या ओसरीवर बसून हे काम करा. त्याला ही आपल्या घरावर आलेली धाड वाटता कामा नये.

तिसरे, यादीवर हरकती-सूचना मागवल्या जातील तेव्हा फक्त विरोध करणारेच पुढे येतात. जतन हवे म्हणणाऱ्यांनीही लेखी मत दिले पाहिजे. त्यात मालकाला सवलत द्या, हेही ठामपणे लिहिले पाहिजे. मालकाला शत्रू करून एकही वाडा वाचणार नाही.

चौथे, जे मंदिर-न्यासांवर आहेत, शाळांच्या संस्थांवर आहेत, त्यांनी पुढच्या बैठकीत एक साधा ठराव करावा : साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या कोणत्याही बांधकामात बदल करण्याआधी त्याची छायाचित्रे व मोजमापे घेतली जातील आणि जतनाच्या जाणकाराचे लेखी मत घेतले जाईल. या ठरावाला पैसे लागत नाहीत.

२०२५ च्या जुलैमध्ये मराठा लष्करी स्थापत्यातील बारा दुर्ग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले. आपण सर्वांनी पेढे वाटले आणि ते योग्यच झाले. रायगडाचा अभिमान बाळगायला कोणाची परवानगी लागत नाही आणि खर्चही येत नाही. खरी परीक्षा आपल्या गल्लीत होते. तेथे जगाचे लक्ष नसते, पुरस्कार नसतो, समोर फक्त गळके माळवद, वाटणीचा कागद आणि बिल्डरचा प्रस्ताव असतो. त्या वेळी सही करण्यापूर्वी आपण एवढेच विचारावे की, हे घर पाडण्याखेरीज दुसरा मार्ग तपासून पाहिला आहे का? तपासूनही पाडावेच लागले तर मोजमाप, छायाचित्र आणि नोंद मागे ठेवूनच ते पाडावे. आणि मार्ग सापडला तर त्या कुटुंबाला एकटे न सोडता वस्तीने त्याच्या पाठीशी उभे राहावे.